बटाटा-भोपळ्याचं मॅश: वाटीमागे किती पडतं?

गेल्या डिसेंबरात आमच्या आईंचे, म्हणजे सासूबाईंचे, उरलेसुरले चार दात काढले. हिरड्या भरून कवळी बसेपर्यंत महिना-दीड महिना मऊच खायचं होतं. मुगाची खिचडी, गुरगुट्या भात, रव्याची खीर हे त्यांनी आठवडाभर सोसलं. आठव्या दिवशी ताट बाजूला सरकवून म्हणाल्या, "अगं, जरा वेगळं काही कर ना. तोंडाची चवच गेली माझ्या." तेव्हा कॉलेजात जाणाऱ्या मुलीनं सुचवलं की बटरनट स्क्वॉश घालून मॅश्ड पोटॅटो करू. चावायला लागत नाही, पोटभरीचा होतो आणि आजीला नवीनही वाटेल. सामान तीच मॉलमधून घेऊन आली.

पदार्थ आईंना फार आवडला. पण बिल झालं होतं ५४० रुपये. १ किलो १०० ग्रॅमचा बटरनट १६४ रुपयांना, परदेशी बिनमिठाच्या बटरचं २०० ग्रॅमचं पाकीट २५५ ला, क्रीमचा डबा ७२ ला आणि धुऊन जाळीत भरलेले बटाटे ४९ रुपये किलोनं. तीन माणसांच्या घरात एका वेळच्या तोंडीलावण्यासारख्या पदार्थाला एवढे पैसे महिनाभर कोण घालणार? आणि आईंना तर तो एक दिवसाआड हवा होता.

म्हणून दुसऱ्या खेपेपासून मी तोच पदार्थ कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याच्या सामानात करायला घेतला आणि प्रत्येक खेपेचं वजन, भाव, वेळ वहीत लिहीत गेले. महिन्याभरात अकरा वेळा केला. खाली दिलेले आकडे त्या वहीतले आहेत, पुण्यातले आहेत आणि त्या महिन्याचे आहेत. तुमच्या गावात भाव वेगळे असतील, पण पैसा कुठे जातो आणि कुठे अडतो हे सगळीकडे सारखंच निघेल.

नावाचे पैसे

पहिला प्रश्न अर्थातच स्क्वॉशचा. इंग्रजीत स्क्वॉश म्हणजे भोपळ्याच्या कुळातल्या बऱ्याच फळांना मिळून दिलेलं एक ढोबळ नाव आहे. बटरनट त्यातलाच एक. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्टो नावाच्या गावी, चार्ल्स लेगेट यांनी तो तयार केला असं मानतात. वनस्पतिशास्त्रात त्याची जात आहे कुकुर्बिटा मॉस्काटा. आपल्या बाजारात फोडी करून विकतात तो लाल भोपळाही बहुतांशी याच जातीचा. एक सुरईसारखा लांबट, फिक्या सालीचा आणि दुसरा गरगरीत, हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांचा, एवढं रूप वेगळं, पण जात एकच.

फरक नाहीच असं मी म्हणणार नाही. बटरनटचा गर घट्ट असतो, धागे जवळजवळ नसतात आणि बियांची पोकळी फक्त बुडाशी असल्यामुळे वाया कमी जातो. माझ्या काट्यावर ११०० ग्रॅमच्या बटरनटमधून ९०० ग्रॅम स्वच्छ गर निघाला. लाल भोपळ्याच्या अर्ध्या किलोच्या कापातून साल, बिया, जाळी काढून उरला ३७० ग्रॅम. शिजवून, पाणी आटवून झाल्यावर भोपळा आणखी उतरतो, २९० ग्रॅमवर येतो. हे सगळं धरून हिशेब केला तर ताटात पडणारा एक किलो बटरनट २१० रुपयांच्या घरात जातो आणि भोपळा ७० च्या आत राहतो. चवीत तिप्पट फरक आहे का? आईंना पाचव्या खेपेपर्यंत कळलंच नाही की फळ बदललंय. त्यांना कळलं ते बटर कमी घातलं त्या दिवशी.

मॉलमध्ये आणखी एक गोंधळ होतो. 'यलो स्क्वॉश' म्हणून जी पिवळीजर्द, काकडीसारखी भाजी ठेवलेली असते, ती झुकिनीची बहीण. कोवळी आणि पाणीदार. ती बटाट्यात कुस्करली तर सगळा पदार्थ पळीवाढा होतो. स्क्वॉश हे नाव वाचून ती उचलू नका. मॅशला पक्व, कडक सालीचंच फळ लागतं.

आपल्याकडेही नावांनी फसायला होतं, विशेषतः बदलीच्या गावी गेलेल्यांना. पुण्या-मुंबईत लाल किंवा तांबडा भोपळा म्हणतात तो विदर्भात कोहळं होतो, तर पश्चिम महाराष्ट्रात कोहळा मागितला की पांढरट सालीचा, पेठ्याचा कोहळा हातात येतो. कुठे डांगर म्हणतात, कुठे गंगाफळ. गोव्याच्या बाजारात तो दुदी असतो, आणि आपला दुधी भोपळा ही तर निराळीच भाजी. बोट दाखवून मागितलेलं बरं.

भोपळ्याचा काप घेताना

अख्खा भोपळा किलोमागे पाच-दहा रुपयांनी स्वस्त मिळतो. कोरड्या, हवेशीर जागी तो महिना-दोन महिने आरामात राहतो, शेतकऱ्यांच्या घरी माळ्यावर त्याहूनही जास्त. पण एकदा कापला की घड्याळ सुरू झालं. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस, त्यानंतर बियांकडची बाजू बुळबुळीत होते. चार किलोचा भोपळा स्वस्तात घेऊन दोन किलो टाकून दिला तर तो महागच पडला. चौघांच्या घरात अर्ध्या किलोचा काप घ्यावा. मला तो २० रुपयांना पडत होता. पितृपक्षात श्राद्धाच्या स्वयंपाकासाठी भोपळ्याला मागणी असते, त्या पंधरवड्यात भाव चढतो. तेवढे दिवस थांबता आलं तर थांबा.

काप घेताना कापलेली बाजू बघा. रंग गडद केशरी हवा, फिकट पिवळा नको. बोटानं दाबली तर ओल लागता कामा नये. धागे जाड आणि सुटे दिसत असतील तर तो काप भाजीला चालेल, मॅशला नाही. बिया भरलेल्या, टपोऱ्या असतील तर फळ वेलीवर पिकलेलं आहे. सालीला नख लावून बघा, सहज रुतलं तर फळ कोवळं, त्यात पाणी जास्त. आधीच कापून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला काप असेल तर त्याच्या आत साचलेलं पाणी बघा. ते पाणीही तुम्ही भोपळ्याच्या भावानं विकत घेत असता.

वजनाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण मला त्याचा फटका बसला आहे. एका गाडीवर घेतलेला अर्ध्या किलोचा काप घरी ४२० ग्रॅम भरला. दुसऱ्यांदाही तसंच. किलोमागे ४० रुपये भाव सांगून तो माणूस प्रत्यक्षात ४७-४८ रुपये घेत होता. तेव्हापासून मी एक सोपी युक्ती करते. वाण्याकडून घेतलेली एक किलो मिठाची सीलबंद पिशवी हातात असली की "जरा हे वजन बघू द्या" म्हणून आधी ती काट्यावर ठेवते. आकडा एक किलोच्या किंचित वर यायला हवा, किंचित वर अशासाठी की पिशवीचंही वजन त्यात असतं. प्रामाणिक माणूस याला कधी हरकत घेत नाही. व्यापारात वापरायच्या इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी वैधमापन विभागाकडून पडताळणी करून घ्यावी लागते आणि काट्यावर तसा शिक्का असतो. शंका आली तर शिक्का दाखवायला सांगणं हा तुमचा हक्क आहे. तक्रार करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

सोलून, चौकोनी तुकडे करून पाकिटात भरलेला भोपळा मिळतो. नोकरी करणाऱ्यांना तो सोयीचा वाटतो, आणि कडक साल सोलताना हात घसरण्याची भीती मलाही वाटते. पण त्या पाकिटावरचा वजनाचा आकडा आणि ग्रॅममागचा भाव वाचल्याशिवाय घेऊ नका. मी बघितलेलं २०० ग्रॅमचं पाकीट ४५ रुपयांना होतं, म्हणजे किलोला २२५. आणि या पदार्थाला भोपळा आधी सोलावाच लागत नाही, हे पुढे येईलच.

बटाटा कोणता

इथे स्वस्त-महाग हा प्रश्न कमी, योग्य-अयोग्य हा जास्त. मॅशला जुना, कोरडा, पिठूळ बटाटा हवा. नवा बटाटा, ज्याची साल अंगठ्यानं सोलली जाते, तो ओलसर आणि चिकट असतो. रस्स्याला उत्तम, कारण फोडी मोडत नाहीत. त्याच कारणानं तो कुस्करायला वाईट.

उत्तर भारतातलं मुख्य पीक फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास निघतं, तेव्हा भाव खाली असतात. तेच पीक शीतगृहात ठेवून पुढे दिवाळीपर्यंत विकलं जातं, आणि साठा संपत आला की भाव वर जातो. आपल्याकडे आंबेगाव तालुक्यातलं सातगाव पठार पावसाळी बटाट्यासाठी ओळखलं जातं, तो माल पावसाळ्याच्या शेवटी येतो. पुण्याच्या बाजारात तळेगाव, इंदूर, आग्रा अशी नावं लावून बटाटा विकतात. मॅशसाठी घेताना गावापेक्षा हाताला काय लागतं ते बघा. साल खरखरीत, बटाटा टणक आणि आकाराच्या मानानं जड हवा.

शीतगृहातल्या बटाट्याची एक खोड आहे. फार थंड ठेवला तर त्यातल्या पिष्टाची साखर व्हायला लागते. तसा बटाटा तळला की काळपट पडतो आणि कुस्करला की गोडसर लागतो. भोपळा आधीच गोड, त्यात बटाटाही गोड झाला की पदार्थाची खिरीकडे वाटचाल सुरू होते. बाजारात 'शुगर फ्री' म्हणून जो बटाटा दोन-पाच रुपये जास्तीनं विकतात तो याचसाठी थोड्या उबदार तापमानात ठेवलेला असतो. मधुमेहाच्या पथ्याशी त्या नावाचा संबंध नाही, पिष्ट त्यातही भरपूर असतं. पण मॅशला तो खरोखर चांगला, तिथे ते दोन-पाच रुपये द्यावेत. आणि याच कारणासाठी घरचा बटाटाही फ्रीजमध्ये ठेवू नये.

हिरवट साल पडलेला बटाटा सोलून वापरू नका, सरळ टाका. त्यात सोलॅनिन नावाचं विषारी द्रव्य वाढलेलं असतं आणि ते उकळून जात नाही. वीस रुपये किलोनं मिळालेल्या ढिगात पाच-सहा हिरवे निघाले तर तो ढीग स्वस्त राहत नाही.

खरा खर्च बटरचा

अकरा खेपांच्या वहीत एक गोष्ट प्रत्येक पानावर सारखी आहे. सगळ्यात मोठा आकडा बटरचा. सहा वाट्यांना ६० ग्रॅम लागतं. देशी, खारवलेल्या पिवळ्या बटरचं १०० ग्रॅमचं पाकीट ५८ रुपयांना होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून बटरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला, त्याआधी तेच पाकीट ६२ ला होतं. म्हणजे ६० ग्रॅमचे ३५ रुपये. परदेशी बिनमिठाचं घेतलं तर तेवढ्यालाच ७७.

मी दोन्ही वापरून पाहिलं आणि या पदार्थात तरी परदेशी बटरचे पैसे वसूल होत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. खारं बटर घातलं तर वरून मीठ घालताना हात आखडा, एवढंच. ज्यांच्या घरी दुधावरची साय साठवून आठवड्याला लोणी निघतं त्यांनी ते वापरावं. लोण्याचा तो किंचित आंबुसपणा भोपळ्याच्या गोडव्याला फार छान उतार देतो. आमच्याकडे शेवटच्या चार खेपा लोण्यावर झाल्या आणि आईंचा कौल लोण्यालाच पडला.

एक मात्र करू नका. खर्च वाचवायला बटर अर्ध्यावर आणून त्या जागी दूध वाढवू नका. मी सहाव्या खेपेला ते केलं. मॅश सैल झालं, भोपळ्याचा कच्चट वास वर आला आणि आईंनी दोन घास खाऊन वाटी खाली ठेवली. साडेसतरा रुपये वाचले, साठ-सत्तर रुपयांचं अन्न उरलं.

क्रीमची गरज नाही. १५० मिली गरम दूध पुरतं, साठ रुपये लिटरच्या भावानं ते ९ रुपयांचं. क्रीमचा डबा एकदा फोडला की तीन-चार दिवसांत संपवावा लागतो. आमचा पहिला डबा अर्धा उरून आंबला. ५४० रुपयांच्या त्या बिलातलं प्रत्यक्ष पदार्थात गेलेलं सामान, ओव्हनच्या विजेसकट, मी नंतर मोजलं, तर २४१ रुपयांचं निघालं. बाकीचे पैसे उरलेल्या सामानात अडकले, आणि त्यातलं काही कामी आलं, काही नाही.

शिजवणं आणि कुस्करणं

पाककृतींत भोपळा ओव्हनमध्ये भाजायला सांगतात. भाजल्यानं चव खुलते यात वाद नाही. १५०० वॅटचा ओव्हन ४० मिनिटं चालला तर जास्तीत जास्त एक युनिट जळतं. आमच्या बिलाला सगळे आकार धरून युनिटमागे साधारण दहा रुपये पडतात. तुमचा दर काढायचा तर बिलाच्या एकूण रकमेला युनिटनं भागा.

कुकरमध्ये हेच काम तीन-चार रुपयांत होतं. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, आणि डिसेंबरात त्याची किंमत साडेआठशेच्या थोडी वर होती, म्हणजे किलोला साठ रुपये. मध्यम आचेवर पंचवीस मिनिटांना साठ-सत्तर ग्रॅम गॅस जातो. कुकरच्या तळाशी नेहमीसारखं पाणी, खालच्या डब्यात सालीसकट अख्खे बटाटे, वरच्या डब्यात भोपळ्याचे मोठे काप. हेही सालीसकट, सालीची बाजू खाली आणि डब्यात पाण्याचा थेंबही नाही. तीन शिट्ट्या, मग आच बारीक करून सात-आठ मिनिटं. शिजलेल्या भोपळ्याचा गर चमच्यानं सालीपासून अलगद सुटतो. कच्चा भोपळा सोलण्याचं कष्टाचं काम वाचतं आणि सालीबरोबर जाणारा गरही.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी, जी मी पहिल्या दोन खेपांना गाळली होती. तो गर कोरड्या कढईत घालून मंद आचेवर हलवायचा. आधी तो फदफदतो, कडेनं पाणी सुटतं. सात-आठ मिनिटांनी वाफ कमी होते, रंग केशरीवरून विटकरीकडे झुकतो आणि कढईच्या कडेला खरपूस वास यायला लागतो. उलथन्यानं मधोमध रेघ ओढावी. कढईचा तळ दिसला आणि दोन्ही बाजूंचा गर लगेच परत मिळाला नाही, की झालं. ओव्हननं जे साधतं त्यातलं बरंचसं इथे साधतं.

बटाटे गरम असतानाच सोलून कुस्करायला हवेत, आणि मिक्सरला हातही लावायचा नाही. बटाट्याच्या पेशींत पिष्टाचे कण भरलेले असतात. पात्यांनी त्या पेशी फुटतात, पिष्ट बाहेर येतं आणि दोन मिनिटांत खळ तयार होते. तिसऱ्या खेपेला घाईत मी तेच केलं, आठशे ग्रॅम बटाट्यांची तार धरणारी खळ झाली. शेवटी त्यात भाजणी मिसळून थालीपिठं लावली, पण आईंना त्या दिवशी परत खिचडीच खावी लागली.

याला परदेशात पोटॅटो रायसर नावाचं उपकरण वापरतात. मॉलमध्ये ते मला बाराशे रुपयांना दिसलं. हातात घेऊन पाहिलं, दांडा दाबला आणि लक्षात आलं की अशाच कामाची वस्तू आपल्या माळ्यावर वर्षातले अकरा महिने पडून असते. पुरणयंत्र! होळीला डाळ वाटून झाली की धुऊन वर ठेवलं जातं ते. बारीक भोकांची जाळी बसवा, गरम बटाटा घाला आणि दांडी फिरवा. खाली रेशमासारख्या शेवया पडतात, गुठळी एकही नाही. पेशी दाबून सुट्या होतात, फाटत नाहीत, म्हणून खळ होत नाही. त्यावरच आटवलेला भोपळा फिरवला की उरलेसुरले धागे जाळीत अडकून राहतात. लाल भोपळ्याचा बटरनटपेक्षा असलेला एकमेव मोठा दोष तिथेच संपतो. पुरणयंत्र नसेल तर तुळशीबागेत स्टीलचं पाचशे-सहाशेपर्यंत मिळतं. दोन माणसांचंच घर असेल तर दीडशे रुपयांचं हातानं दाबायचं मॅशरही पुरे.

मग पातेल्यात बटर वितळवून त्यात चार लसूण पाकळ्या ठेचून मंद परतायच्या, बटाटा-भोपळा घालायचा, गरम दूध थोडं थोडं सोडत लाकडी चमच्यानं कालवायचं. मीठ, मिरपूड, जायफळ चिमूटभर. दूध थंड घातलं तर मॅश घट्ट, ओशट होतं.

आता पूर्ण हिशेब. बटाटे ८०० ग्रॅम ३० रुपये किलोनं २४, भोपळा २०, बटर ३५, दूध ९, लसूण-मसाला ५, गॅस ४. एकूण ९७ रुपये, सहा भरपूर वाट्या, वाटीला १६ रुपये. वेळ पाऊण तास, त्यात हातानं करायचं काम वीस मिनिटांचं.

आपलं भरीत

महिना संपत आला तशी एकादशी आली आणि आईंनीच विचारलं, "हे उपवासाला नाही का करता यायचं?" यायचं म्हणजे काय, येतंच होतं. भोपळ्याचं भरीत आपल्याकडे उपवासाला करतातच. अर्धा किलो बटाटा आणि अर्धा किलो भोपळा तसाच शिजवून, या वेळी पुरणयंत्रातून न काढता हातानं कुस्करला. त्यात गोडसर दही, दाण्याचं कूट, मीठ, आणि वरून तुपात जिरं-हिरवी मिरचीची फोडणी. आईंना दात नसल्यामुळे कूट अगदी बारीक केलं आणि मिरची फोडणीतून काढून टाकली. हिशेब ८२ रुपये, सहा वाट्या. दही घरी लावलेलं असेल तर त्यातलेही दहा-बारा रुपये कमी करा. गार खायचं असल्यामुळे सकाळी करून ठेवता येतं, हा मॅशपेक्षा मोठा फायदा.

बाहेर खाल्लं तर

मुलीच्या आग्रहानं एकदा बाहेरही खाल्लं. छोटी वाटी, फार तर दीडशे ग्रॅम, २८० रुपये. त्यावर पाच टक्के जीएसटी आणि बिलात आपणहून लावलेलं दहा टक्के सेवाशुल्क. हे सेवाशुल्क ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती उचलून धरली. मी शांतपणे सांगितलं, त्यांनी नवं बिल करून आणलं. तुम्हीही सांगा, संकोच करू नका. सेवा आवडली तर वाढणाऱ्या मुलाच्या हातात पैसे द्या.

परदेशातल्या लेकी-सुनांसाठी

माझी मावसबहीण न्यू जर्सीत एडिसनला असते. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगला, तिच्याकडे शाकाहारी मंडळींसाठी हाच पदार्थ मोठ्या पातेल्यात होतो. तिनं पावती बघून सांगितलेले आकडे असे: रसेट बटाट्याची पाच पौंडांची पिशवी ४ डॉलर, बटरनट पौंडाला दीड डॉलर, बटर पौंडाला साडेचार. आठ जणांना निम्मी पिशवी, दीड पौंड बटरनट, बटरची एक कांडी म्हणजे पाव पौंड, आणि कपभर दूध-क्रीम. सगळे मिळून सव्वासहा डॉलर, माणशी ऐंशी सेंटच्या आत. तिथे बटरनटच स्वस्त आणि सहज मिळणारा, तेव्हा लाल भोपळ्याच्या शोधात भारतीय दुकानापर्यंत गाडी काढायचं कारण नाही. रसेट मात्र सोडू नका, लाल सालीचा छोटा बटाटा आपल्या नव्या बटाट्यासारखा वागतो.

सोलून कापलेले बटरनटचे तुकडे तिथेही अडीच-तीन पट महाग. त्यापेक्षा गोठवलेला, शिजवून वाटलेला विंटर स्क्वॉश घ्या. दहा-बारा औंसांच्या वड्या मिळतात, थेट कढईत आटवायला घेता येतात. हॅलोविननंतर दाराशी ठेवायचे कोरीव कामाचे भोपळे मातीमोल होतात, ते मोहानं आणू नका. त्यांचा गर पाणीदार आणि बेचव असतो.

अमेरिकन फार्म ब्युरो फेडरेशन ही शेतकऱ्यांची संघटना १९८६ पासून दर वर्षी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाचा खर्च काढते. २०२४ साली दहा माणसांच्या पारंपरिक जेवणाला ५८ डॉलर ८ सेंट लागले, माणशी सहा डॉलरच्या आत. त्या मानानं बहिणीच्या पातेल्यातली ऐंशी सेंटची वाटी जेवणात भारी पडत नाही.

उरलं तर

मॅश झाकून फ्रीजमध्ये दोन दिवस चांगलं राहतं. परत गरम करताना दोन चमचे दूध घालून मंद आचेवर, झाकण ठेवून. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे त्यात आलं-मिरची आणि ज्वारीचं पीठ मिसळून धपाटी होतात, वाटीभर मॅशला दीड वाटी पीठ, पाणी घालायचं नाही, भोपळ्याचाच ओलावा पुरतो. मी मोजलं तर धपाट्यामागे पाच रुपये पडले. आईंची कवळी जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात बसली. त्या दिवशी त्यांनी पहिलं धपाटं लोण्याबरोबर खाल्लं, चावून.